विश्लेषण : कोळंबीचा गोवेकरी ‘आपा’ माडीशिवाय फुलतो का?

नाताळात गोव्यातील कॅथलिक घरांत बेबिंका, दोदोल, नेवऱ्यांची ताटे फिरत असतात. जेवणाच्या मेजावर मात्र आणखी एक पदार्थ मानाने येतो. वरून सोनेरी, जाडीला केकसारखा. कापला की मधोमध लालभडक मसाल्यातील कोळंबीचा थर. हा ‘आपा द कामारांव’, म्हणजे कोळंबीचा पाय. सफरचंदाचा गोड पाय बेकरीत सहज मिळतो, पण हा तिखट-आंबट पाय बहुतेक घरीच होतो आणि घरची माणसे जमतात तेव्हाच होतो. आता ओव्हन घरोघरी आले, सोललेली कोळंबी पाकिटात मिळू लागली, तरी ‘आजीच्या हातचा आपा होत नाही’ अशी खंत ऐकू येते. दोष हाताचा की साहित्याचा? या पदार्थामागची रीत, त्यातील माडीचे काम आणि घरी तो नीट व सुरक्षित कसा भाजावा, याविषयी.

‘आपा’ म्हणजे नेमके काय?

‘कामारांव’ हा पोर्तुगीज भाषेतील कोळंबीसाठीचा शब्द. ‘आपा’ मात्र आपल्याकडील आप्पे, केरळातील आप्पम यांच्या गोतावळ्यातला. नावातच दोन परंपरांची गाठ आहे. भिजवलेला तांदूळ आणि ओले खोबरे एकत्र वाटून, माडी घालून पीठ आंबवायचे. त्यात अंडी आणि थोडी साखर जाते. या पिठाचा अर्धा भाग भांड्यात ओतून अर्धवट भाजायचा, त्यावर लाल मिरची, लसूण, जिरे आणि व्हिनेगर यांच्या मसाल्यात परतलेली कोळंबी पसरायची आणि उरलेले पीठ ओतून पुन्हा भाजायचे. बाहेर किंचित गोड, आत तिखट-आंबट अशी ही चव आहे. साखर पाहून अनेक जण बिचकतात. पण सारण झणझणीत असल्याने तो गोडवा खटकत नाही, उलट तिखट सावरून घेतो.

मैद्याऐवजी तांदूळ का?

युरोपातील किनाऱ्यांवर मासळीचे पाय जुने आहेत. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातील ‘एम्पानादा’, इटलीतील गाएता गावची ऑक्टोपस भरलेली ‘तिएल्ला’, इंग्लंडमधील कॉर्नवॉलचा, कवचातून माशांची तोंडे आकाशाकडे पाहत असलेला ‘स्टारगेझी पाय’ ही काही उदाहरणे. पोर्तुगालमध्ये त्याला ‘एम्पादा’ म्हणतात. त्याचे छोटे रूप ‘एम्पादिन्हा’ गोव्यातही रुजले. या सगळ्यांचे कवच गव्हाच्या पिठाचे.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले आणि १९६१ पर्यंत त्यांची सत्ता राहिली. एवढ्या काळात पाव, बटाटा, काजू असे शब्द आणि जिन्नस मराठी-कोकणी घरांत आले. मिरचीही अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांनीच आली. पण गहू काही किनाऱ्यावर पिकत नाही. इथे तांदूळ शेतात आणि नारळ परसात. त्यामुळे सारण भरून भाजण्याची कल्पना युरोपीय वळणाची आणि कवच मात्र आंबोळीच्या जातीचे, असा हा पदार्थ घडला. मैद्याचे कवच लोणी घालून खुसखुशीत करायचे असते, तर आप्याचे कवच आंबवून हलके करायचे असते. दोन्हींच्या कृतीतला हा मूळ फरक लक्षात घेतला नाही, तर आपा हमखास बिघडतो.

महाराष्ट्रातही याचा लांबचा भाऊ आहे. सीकेपी घरांतील भानोले, म्हणजे कोबी किंवा कोळंबी बेसनात कालवून वर-खाली आच देऊन भाजलेला पदार्थ, अनेकांनी खाल्ला असेल. कोळंबी भाजून वडीसारखी कापून वाढण्याची कल्पना त्यामुळे मराठी घरांना परकी नाही.

माणसे जमली की हाच पदार्थ का?

त्याचे कारण सोयीचे आहे. तळणीची कोळंबी वाढायची तर एक जण चुलीपाशी अडकतो आणि शेवटचा घास होईपर्यंत पहिली घाणी मऊ पडते. आपा एकदाच भाजला जातो, सुरीने कापला जातो आणि कोमटही चांगला लागतो. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीत दहा माणसांच्या ताटात एकेक जाड तुकडा पडतो. तेवढीच कोळंबी नुसती तळली, तर चार-पाच जणांतच संपते. महाग मासळी भात आणि खोबऱ्याच्या आधाराने सगळ्यांपर्यंत पोहोचवण्याची ही युक्ती आहे. शिवाय सारण आदल्या दिवशी, पीठ रात्री आणि भाजणी सकाळी, अशी कामाची वाटणीही होते.

माडी नेमके काय करते?

माडाच्या न उमललेल्या पोयीचे टोक रोज थोडे थोडे कापले की रस ठिबकतो. ताजा असतो तोवर तो गोड, म्हणजे नीरा. हवेतील आणि भांड्यातील यीस्ट व जिवाणू काही तासांतच त्याला आंबवतात आणि माडी तयार होते. गोव्यात तिला ‘सूर’ म्हणतात. आणखी आंबली की तिचेच व्हिनेगर होते. आप्याच्या पिठात माडी आणि सारणात माडीचे व्हिनेगर, असा एकाच झाडाचा रस दोन वयांत या पदार्थात उतरतो. खोबरेही त्याच झाडाचे.

पिठात माडी दोन कामे करते. यीस्ट साखर खाऊन वायू सोडते, त्यामुळे पीठ फुगते आणि जाळी पडते. त्याच वेळी माडीतले जिवाणू आम्ल तयार करतात, त्यामुळे पिठाला मंद आंबटपणा आणि वास येतो. तांदळात गव्हासारखे ग्लुटेन नसते. त्यामुळे वायू धरून ठेवायला बारीक वाटलेले पीठ, खोबऱ्याचा स्निग्धपणा आणि अंडी यांची मदत लागते. पीठ भरड राहिले किंवा पातळ झाले की वायू निसटतो आणि आपा दडस होतो.

मग माडी मिळेनाशी का झाली?

कारण ती काढणारे हात कमी झाले. माडी काढणाऱ्याला गोव्यात रेंदेर म्हणतात. आपल्या कोकणात हे काम परंपरेने भंडारी समाजाकडे होते. पोयीला काप देणे आणि रस उतरवणे यासाठी उंच माडावर दिवसातून दोन-तीन वेळा चढावे लागते आणि त्यात एक दिवसही खंड पडून चालत नाही, कारण कापलेले टोक सुकले की रस थांबतो. पावसात खोड निसरडे होते. पडण्याचा धोका कायम आणि मिळकत बेताची. अशा कामात मुलांनी यावे असे बापालाच वाटत नाही.

याचा परिणाम एकट्या आप्यावर झालेला नाही. गोव्याचा पाव पूर्वी सुरेवर फुलत असे, आता बहुतेक पोदेर बाजारचे यीस्ट वापरतात. मुंबई-वसईतील ईस्ट इंडियन घरांतील फुग्यांनाही पूर्वी माडीच लागे. रेंदेर गेला की त्याच्याबरोबर पाव, सान्ना, फुगे, व्हिनेगर आणि आपा या सगळ्यांची चव थोडी थोडी सरकते. पाककृती वहीत उतरवून ठेवता येते, पण त्यातला एक घटक बाजारातूनच नाहीसा झाला तर वही पुरत नाही.

महाराष्ट्रात माडीची विक्री राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याखाली होते. भेसळीची प्रकरणेही उघड होत असतात. त्यामुळे कुठूनही बाटली आणण्यापेक्षा परवानाधारक दुकान किंवा ओळखीचा माडीवाला नसेल, तर पर्याय वापरणे बरे.

यीस्टने तीच चव येते का?

पीठ फुगते, पण तीच चव येत नाही. बाजारातील यीस्ट वायू जोमाने सोडते, पण आम्ल तयार करणारे जिवाणू त्यात नसतात. तासाभरात फुगलेले पीठ म्हणूनच चवीला कोरे लागते. यावरचा उपाय केरळातील आप्पम करणाऱ्यांच्या रीतीत सापडतो. नारळपाण्यात साखर घालून ते आंबवायचे आणि पीठ वाटायला वापरायचे. २०० मिलिलिटर नारळपाण्यात एक चहाचा चमचा साखर आणि पाव चमचा इन्स्टंट यीस्ट घालून दोन तास ठेवावे. त्यात तांदूळ-खोबरे वाटून पीठ रात्रभर झाकून ठेवावे. यीस्ट कमी आणि वेळ जास्त, हे सूत्र. वेळ मिळाला की पिठात आंबटपणा उतरतो. ही माडी नव्हे, पण घाईच्या यीस्टपेक्षा तिच्या बरीच जवळ जाते.

माडी वापरली तर भाजताना अल्कोहोल बरेचसे उडते, पण अगदी शून्य होतेच असे नाही. घरात ते वर्ज्य असेल तर माडी वापरू नये. यीस्टनेही थोडे अल्कोहोल तयार होते. यीस्ट वापरायचे नसेल, तर इडलीच्या पिठातले दोन-तीन मोठे चमचे आंबलेले पीठ विरजणासारखे घालता येते.

साहित्य किती घ्यावे?

नऊ इंच व्यासाच्या, तीन इंच खोल भांड्यासाठी, साधारण दहा माणसांपुरते :

पिठासाठी : साधा पांढरा तांदूळ ४०० ग्रॅम (पाच-सहा तास भिजवून), एका मोठ्या नारळाचे ओले खोबरे, माडी किंवा वरीलप्रमाणे नारळपाणी २०० मिलिलिटर, साखर तीन मोठे चमचे, मीठ एक चहाचा चमचा, अंडी दोन, पातळ केलेले लोणी दोन मोठे चमचे.

सारणासाठी : सोललेली कोळंबी ५०० ग्रॅम (डोके-कवचासह घेतली तर सुमारे एक किलो), काश्मिरी किंवा ब्याडगी मिरच्या ८ ते १०, लसूण ८ पाकळ्या, आले एक इंच, जिरे एक चमचा, मिरे व हळद प्रत्येकी अर्धा चमचा, माडीचे व्हिनेगर तीन मोठे चमचे, बारीक चिरलेले मोठे कांदे दोन, तेल आणि मीठ.

पीठ इडलीच्या पिठाइतके दाट हवे. अंडी वाटतानाच घालू नयेत. कच्चे अंडे रात्रभर उबेत ठेवणे धोक्याचे असते. पीठ आंबल्यावर, भांडे ओव्हनमध्ये जाण्याच्या अगदी आधी, फेटलेली अंडी आणि लोणी हलक्या हाताने मिसळावे.

कोळंबी कोणती घ्यावी?

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, साधारणपणे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात बाजारात मिळते ती मुख्यतः तळ्यातली ‘व्हानामी’ किंवा गोठवलेली. नाताळाच्या सुमारास समुद्राची कोळंबीही असते. दोन्हींचा आपा होतो. डोके घट्ट चिकटलेले, कवच चकचकीत, अंग टणक आणि वास समुद्राचा असावा. अमोनियासारखा उग्र वास आला तर ती परत करावी. मसाल्याने तो वास झाकला जातो, पण नासलेली मासळी सुधारत नाही. गोठवलेली कोळंबी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सैल करावी, ओट्यावर नव्हे. मध्यम आकार उत्तम. फार मोठी कोळंबी कापताना थरातून ओढली जाते.

कोळंबी रबरासारखी आणि थर ओला का होतो?

या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे, पाणी. कोळंबीचे प्रथिन उष्णतेने झपाट्याने आकसते आणि पाणी बाहेर टाकते. कच्ची कोळंबी पिठात घातली तर ते पाणी आत सुटते, खालचा थर लापशीसारखा राहतो. आधी पूर्ण शिजवली तर ओव्हनमधल्या पाऊण तासात ती रबर होते.

मधला मार्ग असा. कोळंबीला मीठ-हळद लावून दहा मिनिटे ठेवावे आणि सुटलेले पाणी टाकून कोरडी पुसावी. कांदा तांबूस परतून व्हिनेगरमध्ये वाटलेला मसाला घालावा. तेल सुटेपर्यंत, मसाला कढईच्या मध्ये गोळा होईपर्यंत परतावा. मग मोठ्या आचेवर कोळंबी फक्त एक-दीड मिनिट, रंग बदलून किंचित वाकेपर्यंत. लगेच ती झाऱ्याने बाहेर काढावी, उरलेला रस आटवून कोरडा करावा आणि कोळंबी परत त्यात घोळवावी. सारण पूर्ण गार झाल्यावरच भरावे. गरम सारणाची वाफ पिठात अडकते आणि मधला थर चिकट होतो. सारण रात्री करून ठेवणार असाल, तर वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये.

भाजावे कसे?

ओव्हन १८० अंश सेल्सियसला आधी तापवून घ्यावा. भांड्याला लोणी लावून तळाशी बटर पेपर घालावा. अर्धे पीठ ओतून १५ मिनिटे भाजावे, वरचा भाग धरलेला पण अजून चिकट हवा. पूर्ण कोरडा झाला तर वरचा थर त्याला धरत नाही आणि कापताना आपा दोन भागांत सुटतो. कडेने बोटभर जागा सोडून सारण पसरावे, कारण दोन्ही थर कडेलाच एकमेकांना धरतात. उरलेले पीठ ओतून ३५ ते ४० मिनिटे भाजावे. शेवटच्या दहा मिनिटांत वरून अंड्याचा पिवळा बलक लावून तीन-चार कोळंब्या सजवाव्यात.

काडी घालून पाहणे इथे फसवे ठरते, कारण तिला मसाला लागतोच. काडीवर कच्चे पांढरे पीठ दिसता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध किमान ७५ अंश असावे. कोळंबी आणि अंडी दोन्ही त्यात सुरक्षित शिजतात. बाहेर काढल्यावर २० ते ३० मिनिटे तसाच ठेवावा. गरम असताना कापला तर भुगा होतो.

ओव्हन नसेल तर?

पूर्वी गोव्यातील घरांत भांड्याखाली आणि झाकणावर निखारे ठेवून असे पदार्थ भाजत. आज जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, त्यावर जाळी ठेवून, झाकण लावून ते दहा मिनिटे तापवावे आणि मंद आचेवर भाजावे. निम्मे प्रमाण आणि सात इंची भांडे घेतल्यास सोयीचे. वेळ तासाभराच्या आसपास लागतो आणि वरचा भाग फिकाच राहतो. चवीत त्याने फारसे बिघडत नाही.

दुपारच्या जेवणाला न्यायचा तर वेळापत्रक काय?

जेवण एकला असेल तर आदल्या दुपारी चारला तांदूळ भिजत घालावा. संध्याकाळी नारळपाण्यात यीस्ट घालून सारण करावे आणि ते फ्रीजमध्ये ठेवावे. रात्री नऊला वाटण. डिसेंबरच्या गारव्यात पीठ सकाळपर्यंत वर येते. मे महिन्यात तीन-चार तासच पुरतात, त्यामुळे वाटण पहाटे. सकाळी दहाला भाजायला घेतला की साडेअकराच्या आत आपा तयार होतो आणि एकला कोमट वाढता येतो.

व्हिनेगर आहे म्हणजे टिकेल, हे खरे का?

हा समज घातक ठरू शकतो. कोळंबीचे बाल्शांव टिकते, कारण ते लोणच्यासारखे असते. व्हिनेगर आणि तेल भरपूर, पाण्याचा अंश कमी. आप्यातील कोळंबी मात्र दमट भातपिठात बसलेली असते. तिला लोणच्याचे संरक्षण नाही. त्यामुळे बाहेर काढल्यापासून दोन तासांत, कडक उन्हाळ्यात तासाभरात, तो खावा किंवा फ्रीजमध्ये ठेवावा. उरलेला दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत नीट गरम करूनच खावा. गाडीच्या डिकीत तीन तास प्रवास करून आलेला आपा मुलांच्या आणि आजी-आजोबांच्या ताटात वाढू नये.

दुसरी काळजी ॲलर्जीची. कोळंबीची ॲलर्जी ज्या प्रथिनामुळे येते ते, ट्रोपोमायोसिन, उष्णतेला दाद देत नाही. ‘चांगला भाजलाय, एक घास खाऊन बघ’ हा आग्रह म्हणूनच जिवावर बेतू शकतो. कापल्याशिवाय आतले दिसत नाही, तेव्हा वाढताना ‘यात कोळंबी आणि अंडी आहेत’ हे सांगावे. न खाणाऱ्यांसाठी अळंबीचे सारण भरायचे तर भांडे, चमचा आणि सुरी वेगळी हवी. खेकडा आणि सुका जवळा हेही कोळंबीच्याच गोतातले असल्याने ते पर्याय ठरत नाहीत.

मग आजीचा आपा परत येईल का?

फुगवटा, जाळी, मऊ कोळंबी हे सारे माडीशिवाय साधते. त्यासाठी पिठाला रात्र द्यावी लागते आणि सारणातले पाणी आटवावे लागते. हरवतो तो माडीचा वास आणि तिचा तो हलका आंबटपणा. तो वहीतल्या कृतीने किंवा महागड्या ओव्हनने परत येणार नाही. माडावर चढणाऱ्याच्या कामाला सुरक्षित साधने आणि रास्त दाम मिळाला तरच येईल. तोवर एक गोष्ट घरोघरी करता येण्यासारखी आहे. ज्या आजीला माडीच्या पिठाचा वास आणि दाटपणा आठवतो, तिला यंदा नारळपाण्यात आंबवलेले पीठ हुंगायला द्यावे, चमच्याने ढवळून बघायला सांगावे. ‘अजून तासभर ठेव’ असे तिने सांगितले, तर ते वहीत लिहून ठेवावे. तिच्या अंदाजाला अजून तरी कुठेच प्रमाण लिहिलेले नाही.